बायचुंगची ‘बरी’ कामगिरी : खरंच बरी होती का?

वडाळा_शेड

परवा अंधेरीला मुंबई सिटीची मॅच बघून आझादनगरला मेट्रो पकडली आणि घाटकोपर येईपर्यंत भाच्याशी कडाक्याचं वाजलं. विषय बायचुंग भुतिया. भाचा १९ वर्षांचा, त्याने बायचुंगला खेळताना पाहिलेलंच नाही. तो म्हणे, "मामा, भारतातला सगळ्यात मोठा फुटबॉलर तोच. इंग्लंडमध्ये खेळला, अजून काय पाहिजे?" मी म्हणालो, "बरीत खेळला." त्याला वाटलं, मी ‘बरी’ म्हणजे ठीकठाक म्हणतोय. समोरच्या सीटवरच्या आजी हसल्या.

म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की बायचुंगच्या कारकिर्दीतला सगळ्यात किरकोळ भाग म्हणजे बरी, आणि आपण मात्र तोच पहिल्या ओळीत लिहितो.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. सिक्कीममधल्या तिनकितामचा हा मुलगा १९९३ मध्ये ईस्ट बंगालमध्ये आला. पुढे फगवाड्याच्या जेसीटीकडून १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकला आणि त्या लीगमध्ये सर्वांत जास्त गोलही त्याचेच. परत ईस्ट बंगाल. सप्टेंबर १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबशी ३ वर्षांचा करार. बरी म्हणजे मँचेस्टरच्या उत्तरेचं छोटं गाव. क्लब तेव्हा ‘सेकंड डिव्हिजन’मध्ये होता. नावात सेकंड असलं तरी वरून मोजलं तर तिसरी पायरी, कारण प्रीमियर लीग आणि फर्स्ट डिव्हिजन त्याच्या वर. ३ वर्षांत लीगचे ३७ सामने आणि ३ गोल. त्या डिव्हिजनमध्ये २४ संघ, म्हणजे एका मोसमात ४६ सामने. तीन मोसमांचे १३८. त्यातले ३७, आणि तेही बरेचसे बदली म्हणून. फॉरवर्डचे ३ गोल. आपल्या ऑफिसच्या टीममधल्या फॉरवर्डने असं केलं असतं तर त्याला गोलपोस्टच्या मागे बॉल आणायला उभं केलं असतं.

आता दुसरी बाजू. १३ जुलै १९९७, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची सेमीफायनल, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. सव्वा लाखाहून जास्त माणसं आत. बागानचे कोच अमल दत्ता आपली ‘डायमंड’ पद्धत घेऊन आले होते, पेपरांमध्ये तिचाच गाजावाजा. पी. के. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने ४-१ ने उडवलं आणि बायचुंगची हॅट्ट्रिक. २००३ मध्ये जकार्ता, आसियान क्लब स्पर्धा, याच ईस्ट बंगालने फायनलमध्ये थायलंडच्या बीईसी तेरो सासाना संघाला ३-१ ने हरवलं. स्पर्धेत बायचुंगचे ९ गोल, सर्वांत जास्त. भारतीय क्लबने देशाबाहेर जाऊन असं काही जिंकणं हीच केवढी मोठी गोष्ट! पण ते कुणाला सांगितलं तर "हं" म्हणतात, आणि इंग्लंड म्हटलं की डोळे चमकतात.

आपल्याकडे मुलगा अमेरिकेत नेमकं काय करतो ते कुणी विचारत नाही. अमेरिकेत असतो, एवढं लग्नाच्या बाजारात पुरतं. बरीचं तेच झालंय.

गुप्ते_गुगली

शेडराव, बरी कुठे आहे ते नकाशावर नीट बघा. लँकेशायरची जुनी भूमी ती. तिथून जवळच हॅसलिंग्डन, तिथल्या क्लबाकडून आपले विनू मंकड खेळले. थोडं पुढे रिश्टन, १९५० च्या दशकात आपला फर्ग्या, सुभाष गुप्ते, तिथे लेगस्पिन टाकत होता. लँकेशायर लीग म्हणजे काय होतं? गिरणीच्या गावांचं शनिवार-रविवारचं क्रिकेट. काउंटी नव्हे, क्लब. खाटीक, मास्तर, गिरणीतला फोरमन असे लोक समोर बॅट घेऊन.

तरी आपण आजही छाती फुगवून सांगतो की आमचे मुंबईचे खेळाडू लँकेशायरमध्ये प्रोफेशनल म्हणून खेळले. मग त्याच मातीत पूर्णवेळ पगारी फुटबॉलपटूंच्या लीगमध्ये सिक्कीमचा मुलगा ३ वर्षं टिकला, तर त्याच्या गोलांची पावती का मागायची? क्रिकेटवाल्याला एक काटा आणि फुटबॉलवाल्याला दुसरा.

वडाळा_शेड

गुगली चांगली टाकलीत, पण टप्पा चुकला. गुप्ते रिश्टनला ‘प्रो’ म्हणून गेले. म्हणजे क्लबमध्ये पैसे घेऊन खेळणारा तो एकच, बाकीचे हौशी. त्याने विकेटा काढायच्या, पोरांना शिकवायचं. तो तिथला मास्तर होता. बायचुंग बरीत विद्यार्थी म्हणून गेला आणि बाकावर बसला. दोन्ही गोष्टी लँकेशायरमध्ये घडल्या एवढंच साम्य.

गुप्ते_गुगली

म्हणजे विद्यार्थी म्हणून गेलेला मोठा नाही? मास्तर म्हणून जाणं सोपं असतं हो. आपल्या खेळातलं आपलं नाणं आधीच खणखणीत असतं. भारतीय फुटबॉलचं नाणं इंग्लंडच्या बाजारात चालतच नव्हतं, तरी हा ते घेऊन गेला. फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच, ॲस्टन व्हिला इतक्या ठिकाणी चाचण्या दिल्या. आपल्या गावात देव असताना तिकडे जाऊन रांगेत उभं राहायचं, हे किती जणांना जमेल?

तन्मय_७

मी मँचेस्टर युनायटेडवाला, त्यामुळे बरीबद्दल थोडी शेजारधर्माची माया. पण मामांच्या बाजूने एक मुद्दा टाकतो, जो त्यांनी टाकला नाही. नेहमी म्हणतात की बायचुंगने ‘दार उघडलं’. कुठलं दार? २००९ मध्ये सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार झाला होता. ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफाच्या पहिल्या ७० देशांत नव्हता. विषय संपला. छेत्री मग २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, तिथे लीगचा एकही सामना मिळाला नाही. २०१२ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंगच्या ब संघात गेला, तिथे मोजके सामने. आणि हा तोच छेत्री, ज्याने भारतासाठी ९० हून जास्त गोल केलेत.

म्हणजे बायचुंगनंतर दहा वर्षांनी दाराला आणखी मोठं कुलूप होतं. यात बायचुंगचा दोष नाही, पण ‘पायंडा पाडला’ वगैरे शब्द जरा जपून वापरावेत.

खवट_खोबरं

फिफा रँकिंगमुळे नाही, वरणभातामुळे. 😄

तन्मय_७

खोबरं, बायचुंग सिक्कीमचा आहे. तिकडे मोमो.

राइट_आऊट

वाचतोय कालपासून. लिहावं की नाही अशा विचारात होतो, पण शेडरावांनी ऑफिसच्या टीमचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी १९८८ ते १९९९ एका बँकेकडून खेळलो. बँकेचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येतं.

तेव्हाची मुंबई तुम्हाला माहीत असेल-नसेल. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ, दोन्ही रेल्वे, बँका. खेळाडू म्हणजे आधी क्लार्क, मग फॉरवर्ड. सकाळी सराव, अकरा वाजता टेबलावर, मॅचच्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी. कूपरेजला पावसात असा चिखल की पहिल्या हाफनंतर कोण कुणाच्या टीमचा ते ओळखू येत नसे. आता तिथे कृत्रिम हिरवळ आहे. छान आहे, पण गुडघ्याला विचाराल तर चिखल बरा.

बायचुंगला मी कूपरेजवर साइडलाइनवरून पाहिलंय. अंगाने काही मोठा नाही. पण पाठ डिफेंडरला लावून उभा राहिला की मागचा माणूस ढकलून थकायचा. बॉल पायाशी आला की तो आपल्याकडे वळणारच नाही असं वाटायचं आणि तोवर वळलेला असायचा. आमचा स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, त्याला ‘साबण’ म्हणायचा.

आता माझी गोष्ट. १९९२ साली माझ्या चुलतभावाने मस्कतहून फोन केला. तो तिकडे एका कंपनीत होता, तिथल्या एका क्लबाला विंगर हवा होता. मोसमापुरतं बोलावणं. मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "बिनपगारी रजा मिळेल, पण परत आल्यावर कुठल्या शाखेत टाकतील ते माझ्या हातात नाही." लालबागच्या खोलीत आम्ही सात जण, बायकोला सहावा महिना. नाही गेलो. मला कुणी अडवलं नव्हतं. मीच बसलो घरी.

गेलो असतो तर कदाचित चार मॅच खेळून बाकावर बसलो असतो. पण ज्याने कधी ती बॅगच भरली नाही, त्याने दुसऱ्याच्या ३७ मॅचना हसू नये, असं मला माझ्यापुरतं वाटतं. बायचुंग २२ वर्षांचा होता. कोलकात्यात त्याला रस्त्यावर चालता येत नसे, एवढा मोठा. तो सगळा मान मागे ठेवून हा अशा गावात गेला जिथे त्याचं नाव नीट उच्चारणारा माणूस मिळणं मुश्कील.

वडाळा_शेड

काका, तुमच्यासमोर मी काय बोलणार. हसलो नाही हो मी, एक ऑफिसवाला विनोद केला, तो मागे घेतो. पण मुद्दा मागे घेत नाही. तुम्ही सांगताय ते धाडसाबद्दल, मी बोलतोय ते कामगिरीबद्दल. धाडसाला सलाम करून कामगिरीला ‘साधारण’ म्हणता आलं पाहिजे ना?

राइट_आऊट

म्हणा की. पण साधारण कशाच्या मानाने, ते पण सांगा. इंग्लंडची ती पायरी म्हणजे शनिवारी मॅच, मंगळवारी मॅच, डिसेंबर-जानेवारीत गोठलेलं मैदान, आणि बॉल बराच वेळ हवेत. आपला पोरगा जमिनीवरून खेळणारा. त्यात ज्या मॅनेजरने त्याला घेतलं, तो नील वॉर्नॉक, दोन-तीन महिन्यांत, डिसेंबरमध्येच शेफील्ड युनायटेडला निघून गेला. पुढे संघाची सूत्रं आली अँडी प्रीसकडे, जो स्वतः फॉरवर्ड! आता सांगा, टीम निवडणाराच तुमच्या जागेवर खेळणारा असेल तर काय करायचं? आमच्या बँकेत असं एकदा झालं होतं, कॅप्टन माझ्यासारखाच राइट आऊट, म्हणजे उजव्या बाजूचा विंगर, होता. मी एक पूर्ण मोसम लेफ्ट बॅक खेळलो.

गुप्ते_गुगली

काकांनी एका दगडात दोन पक्षी मारले. 😄 आणि त्यावर गुडघ्याची दुखापत होतीच. शिवाय क्लबाचीच तब्येत बिघडलेली. २००२ मध्ये पैशांचं दिवाळं निघालं, क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. हा काय एकटा बुडत्या जहाजाला शिडं लावणार होता?

खवट_खोबरं

मॅनेजर वाईट, गुडघा वाईट, हवा वाईट, क्लब वाईट. आमच्या बारावीच्या निकालाच्या वेळी घरी असंच ऐकवलं होतं मी.

पेठेतला (सध्या घाटकोपर)

मुंबैकरांनो, फुटबॉलवर बोलताय आणि कोल्हापूरला कुणी विचारत न्हाई, ह्ये कसं चालंल? आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पेठेत दुकानं अर्धी बंद. नाद म्हणजे नाद. पण भावांनो, खरं सांगतो, एवढा नाद असून आमच्यातलं भाईर किती गेलं? आमचा अनिकेत जाधव, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून खेळला, मग ब्लॅकबर्नला काही महिने सरावाला जाऊन आला. ब्लॅकबर्न पण त्या बरीच्या बाजूलाच की. त्या वेळी पेठेतल्या कट्ट्यावर पोरं काय म्हणत होती म्हाईत हाय? "बायचुंग गेलता तिकडं." १९९९ मध्ये ह्यातली निम्मी पोरं जन्मलीबी नव्हती.

तन्मयभाऊ, दाराला कुलूप असंल, मान्य. पण भिंतीत दार हाय, एवढं तर कळलं ना? आधी नुसती भिंतच होती.

तन्मय_७

भिंतच होती असंही नाही, दादा. मोहम्मद सलीम, कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा विंगर. १९३६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिककडून दोन सामने खेळला, राखीव संघातून, आणि तेही बूट न घालता, पायाला पट्ट्या बांधून. गॅल्स्टनविरुद्ध सेल्टिकने ७-१ ने जिंकलं. घरची आठवण आली म्हणून परत आला. म्हणजे पहिला ‘पायंडा’ ६३ वर्षं आधीच पडला होता आणि त्यावरून कुणी चाललं नाही. माझा मुद्दा तोच आहे. एकटा माणूस गेला म्हणून रस्ता होत नाही. त्याच्यामागे लीग लागते, अकॅडमी लागते, रँकिंग लागतं.

पेठेतला (सध्या घाटकोपर)

ह्ये बरोबर. सलीमचं म्हाईत नव्हतं. पट्ट्या बांधून? नाद खुळा.

ठाणेकरीण

मी ठाण्यात शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवते. एवढं सगळं बोलून झालं, आणि रस्ता-दार-कुलूप यात एकालाही बाला देवी आठवली नाही? जानेवारी २०२० मध्ये रेंजर्सने तिला करारावर घेतलं, सेल्टिकच्या त्याच ग्लासगोतला दुसरा मोठा क्लब. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. माझ्या मुलींना बायचुंग कोण ते मला सांगावं लागतं, मनीषा कोण ते त्या मला सांगतात. रस्ता झाला की नाही हे त्यांच्या बाजूनेही एकदा तपासा.

वडाळा_शेड

ताई, चूक कबूल, मलाच आठवायला हवं होतं. आणि तुमच्या उदाहरणाने माझाच मुद्दा पुढे जातो असं मला वाटतं. मनीषाचं नाव तुमच्या मुलींना माहीत आहे ते ती तिथे मोठ्या स्पर्धेत मैदानात उतरली म्हणून. नुसता परदेशी पत्ता असता तर माहीत झालं असतं का? तिसऱ्या पायरीवरच्या बरीपेक्षा मला जकार्ता मोठं वाटतं ते याचसाठी.

ठाणेकरीण

तुम्ही जकार्ता म्हणता, ठीक. पण मग मलेशियाही धरा. पेराक आणि नंतर सेलांगोरचा एमके लँड, तिथेही बायचुंग खेळला. परदेशच तो. त्यावर ना तुम्ही बोललात ना बाकी कुणी. ‘परदेश’ म्हणजे गोरा देश, हे तुम्हीपण गृहीत धरूनच भांडताय.

गुप्ते_गुगली

क्लीन बोल्ड. मिडल स्टंप.

वडाळा_शेड

हे मात्र लागलं. मेट्रोतल्या वादात मलेशियाचं नाव माझ्याही तोंडून एकदाही निघालं नाही. भाच्याला लिंक पाठवली होती धाग्याची, तो आता दात काढत बसला असेल.

तरी एक विचारतो, आणि हे खरंच विचारतोय. बरीला गेला नसता तर जकार्ताचा बायचुंग तसाच झाला असता का? परत आल्यावर मोहन बागानकडचा पहिला मोसम दुखापतीत गेला. आणि मग २००३ मध्ये ईस्ट बंगालकडून एकदम ९ गोल. तीन वर्षं इंग्लंडच्या सेंटर हाफांचे, म्हणजे मधल्या डिफेंडरांचे, कोपरे खाल्ल्यावर थायलंड-इंडोनेशियाचे डिफेंडर हलके वाटले असतील का?

राइट_आऊट

हे तुम्ही सगळ्यात चांगलं विचारलंत. मला वाटतं, हो. १९९७ चा बायचुंग जास्त चपळ होता, नंतरचा जास्त शहाणा. आधी तो बॉलच्या मागे धावायचा, नंतर बॉल कुठे येणार तिथे आधीच उभा असायचा. फॉरवर्डचा अर्धा वेग असा डोक्यातून येतो. आता ते बरीत शिकला की वयाने शिकला, ते तोच सांगू जाणे.

तन्मय_७

म्हणजे बरी ही कामगिरी नव्हे, शिकवणी होती असं म्हणायचं का? मग मामा आणि काका दोघांचंही खरं.

वडाळा_शेड

तू मध्यस्थी करू नकोस, अजून माझा पराभव जाहीर झालेला नाही. २०१२ मध्ये दिल्लीत त्याच्या निरोपाच्या सामन्याला बायर्न म्युनिक आलं होतं, ४-० ने हरवून गेलं. निरोप द्यायला म्युनिकहून टीम आली, हेही आपण ‘बघा, बायर्न आलं’ असंच सांगतो. त्यापेक्षा सॉल्ट लेकच्या सव्वा लाखांतले लोक बोलावून जेवण घातलं असतं तर मला आवडलं असतं.

खवट_खोबरं

सव्वा लाख ताटं. शेडराव, वर्गणीची सुरुवात तुमच्यापासून.

गुप्ते_गुगली

जाता जाता बरीविषयी एक, कारण त्या बिचाऱ्या क्लबाला इथे सगळ्यांनी टपली मारली. १९०३ च्या एफए कपच्या फायनलमध्ये त्यांनी डर्बीला ६-० ने हरवलं होतं. फायनलमधला एवढा मोठा विजय त्यानंतर थेट २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने मिळवला, तोही बरोबरीचा, जास्त नाही. आणि त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या भानगडींमुळे बरीला फुटबॉल लीगमधून काढून टाकलं. १८८५ चा क्लब. आपल्या महिंद्र युनायटेडसारखंच झालं, २०१० मध्ये एका सकाळी पेपरात वाचलं की टीम बंद.

राइट_आऊट

महिंद्रची आठवण काढू नका. २००५-०६ ला लीग जिंकली होती त्यांनी, आणि चार वर्षांत कुलूप.

शेडराव, शेवटचं. ३ गोलांचं तुम्ही फारच मनावर घेतलंय म्हणून सांगतो. ३ ऑक्टोबर १९९९ ला कार्डिफविरुद्ध पहिली मॅच खेळला, बदली म्हणून. लीगमधला पहिला गोल चेस्टरफिल्डविरुद्ध, १५ एप्रिल २००० ला. मध्ये साडेसहा महिने. साडेसहा महिने गोल नाही आणि तरी त्या लोकांनी फॉरवर्डला टीममध्ये ठेवलं! आमच्या साहेबांनी दोन मॅचनंतर मला परत कॅश काउंटरला बसवलं असतं.